फिक्स येत नाही? रोव्हरची नेट जोडणी, पायरीपायरीने

देवगडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एका आंब्याच्या बागेत आम्ही पंचवीस मिनिटं रोव्हरच्या पडद्याकडे बघत उभे होतो. रोव्हर म्हणजे उपग्रहांच्या मदतीने जमीन मोजणारा, पोलवरचा हलता रिसीव्हर. वर आभाळ मोकळं, आजूबाजूला गुडघाभर गवत आणि जांभ्याचा गडगा. उपग्रह अठ्ठावीस दिसत होते, पण फिक्स, म्हणजे सेंटिमीटरपर्यंतचं पक्कं स्थान, काही लागत नव्हता. बागेचे मालक थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सॅटेलायटाक माझो गडगो दिसता, मगे मोबायलाक रेंज कित्याक नाय?"

प्रश्न त्यांनी गमतीत विचारला होता, पण बरोबर जागी बोट ठेवून. रोव्हरला दोन गोष्टी लागतात. उपग्रहांचा संदेश आकाशातून येतो आणि त्यातली चूक दुरुस्त करणारा डेटा, म्हणजे करेक्शन, जमिनीवरून मोबाईलच्या नेटने येतो. पहिली गोष्ट कोकणात सड्यावर ढीगभर मिळते. अडतं ते दुसऱ्या गोष्टीपाशी. करेक्शनशिवाय चांगल्यातला चांगला रिसीव्हरही दीड-दोन मीटर इकडेतिकडे दाखवणार. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, जेमतेम दहा मीटरची बाजू. आपल्याकडचे हिस्से दोन-दोन, तीन-तीन गुंठ्यांचे. तिथे दोन मीटरची चूक म्हणजे शेजाऱ्याच्या दोन माडांवर हक्क सांगण्यासारखं.

पोफळीच्या बागेत शेवटच्या आळ्याला पाणी पोचलं नाही की माणूस पाटाच्या कडेकडेने वर चालत जातो आणि पाट कुठे फुटलाय ते बघतो. आळ्यापाशी उभं राहून पाण्याला शिव्या देत नाही. रोव्हरच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो. फोन येतो, "दादा, फिक्स येत नाही." मी विचारतो, नेट लागलंय का? लॉगिन झालंय का? डेटाचे बाइट येतायत का? उत्तर एकच, "फिक्स येत नाही." म्हणून हा लेख पाटाच्या क्रमाने लिहितोय: सिम, एपीएन, कॅस्टर, माउंटपॉइंट, जीजीए, करेक्शनचे संदेश आणि शेवटी फिक्स. यातलं एखादं नाव नवं वाटलं तरी त्याचा अर्थ त्याच्या जागी येईल. मेनूंची नावं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात. क्रम सगळीकडे हाच.

निघण्याआधी घरी

वहीत पाच गोष्टी लिहिलेल्या हव्यात: कॅस्टरचा पत्ता, पोर्ट क्रमांक, युजरनेम, पासवर्ड आणि माउंटपॉइंटचं नाव. कॅस्टर म्हणजे तो सर्व्हर, जो बेस स्टेशनांकडून, म्हणजे पक्की माहीत असलेल्या जागी बसवलेल्या रिसीव्हरांकडून, डेटा घेऊन रोव्हरांना वाटतो. माउंटपॉइंट म्हणजे त्याच्या दुकानातला एक ठरावीक माल. एकाच कॅस्टरवर वेगवेगळ्या माउंटपॉइंटना वेगवेगळ्या प्रकारचा डेटा मिळतो.

सेवा कुणाची घ्यायची? भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स जाळं आहे, म्हणजे कायम चालू असलेल्या संदर्भ स्टेशनांचं जाळं. महाराष्ट्रात अशी ७७ स्टेशनं आहेत. भूमी अभिलेख खात्याची रोव्हरवरची मोजणी याच जाळ्यावर चालते. फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक सूचनांनंतर खाजगी भारतीय व्यक्ती आणि संस्थांनाही ही वाट मोकळी झाली. नोंदणी करून खातं मिळवायचं. ते काम मोजणीच्या आदल्या रात्री करायला घेऊ नका. आणि एक स्पष्ट सांगून ठेवतो: खाजगी सर्व्हेअरने सेंटिमीटरपर्यंत मोजलं तरी ती अधिकृत हद्द कायम मोजणी होत नाही. ती भूमी अभिलेख कार्यालयाचीच. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा, नंतर नाही.

आता थोडा हिशेब. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. ७७ ने भागलं तर सरासरी चार हजार चौरस किलोमीटरला एक स्टेशन पडतं, म्हणजे दोन स्टेशनांमध्ये साठेक किलोमीटरचं अंतर. एकाच बेसवर चालणारं आरटीके, म्हणजे करेक्शन घेऊन जागेवरच केलेलं सेंटिमीटरचं मापन, दहा-वीस किलोमीटरपर्यंत निवांत चालतं. त्यापुढे बेसवरचं वातावरण आणि आपल्यावरचं वातावरण यांतला फरक वाढत जातो. म्हणून या जाळ्यात सहसा नेटवर्क करेक्शन घ्यायचं, ज्यात आसपासच्या अनेक स्टेशनांचा हिशेब करून तुमच्या जागेसाठी डेटा तयार होतो. कोकणात याला आणखी एक पदर आहे. पश्चिमेला समुद्र आहे आणि तिथे स्टेशन असणं शक्य नाही. वेंगुर्ल्याला किंवा गुहागरला किनाऱ्यावर उभे असताना तुम्ही जाळ्याच्या मधोमध नसता, काठावर असता. काठावर करेक्शन थोडं कच्चं पडतं, हे मनात धरून चाला आणि किनाऱ्यालगतच्या कामात तपासणी जास्त करा.

नेट कुठून घ्यायचं

रस्ते तीन आहेत. रिसीव्हरमध्येच सिम घालायचं, फोनचा हॉटस्पॉट रिसीव्हरच्या वाय-फायला द्यायचा किंवा कंट्रोलरच्या, म्हणजे रोव्हर चालवायच्या हातातल्या यंत्राच्या, नेटने करेक्शन घेऊन ब्लूटूथने रिसीव्हरला पोचवायचं.

कोकणापुरतं माझं मत तिसऱ्या रस्त्याच्या बाजूने आहे. रिसीव्हर पोफळीत किंवा विहिरीच्या काठी असला तरी कंट्रोलर हातात असतो. रेंज कुठे आहे हे चार पावलं चालून बघता येतं आणि एका कंपनीचं सिम बंद पडलं तर दुसऱ्याचं चालू करता येतं. रिसीव्हरच्या पोटातलं सिम बदलायचं म्हणजे पोल आडवा करा, झाकण उघडा, पावसात असाल तर छत्री धरा. शिवाय जुन्या रिसीव्हरांचं मॉडेम ३जीचं असतं. जिओचं जाळं पहिल्यापासून ४जीचं, त्यात २जी-३जी नाहीच. एअरटेलनेही ३जी बंद केलं. सिम फोनमध्ये झकास चालतं आणि रिसीव्हरमध्ये 'नो नेटवर्क' दाखवतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. जुना रिसीव्हर विकत घेताना मॉडेम ४जी आहे का आणि भारतातले बँड धरतं का, एवढं विचारा. बाकी चमकधमक नंतर बघा.

हॉटस्पॉटच्या रस्त्याने जायचं असेल तर फोनवर तो २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा. कित्येक रिसीव्हरांना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही आणि आपण उगाच पासवर्ड तपासत बसतो. हॉटस्पॉटचं नाव साधं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. 'कुणी जोडलेलं नसेल तर आपोआप बंद' हा पर्याय काढून टाका. तसंच फोनचा बॅटरी बचत मोड बंद करा, नाहीतर पडदा काळा झाला की करेक्शन घेणारं ॲप मागच्या मागे झोपतं.

डेटा किती जातो, हा प्रश्न हमखास येतो. सेकंदाला सुमारे एक किलोबाइट धरा. आठ तासांत तीसेक एमबी. वेगाची गरज नाही, सातत्याची आहे. व्हिडिओ अडखळत चालेल अशा रेंजवरही आरटीके चालतं, पण दर दोन मिनिटांनी तुटणारी भरपूर रेंज काही उपयोगाची नाही.

एपीएन आणि आयपी

सिम रिसीव्हरमध्येच घालत असाल तर आधी ते फोनमध्ये घाला. सिमला पिन असेल तर काढा, रिचार्ज चालू आहे का बघा, एखादं पान उघडून बघा. मग रिसीव्हरमध्ये. मॉडेमच्या सेटिंगमध्ये एपीएन, म्हणजे मोबाईल कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव, भरायचं. जिओसाठी जिओनेट, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम. सगळं छोट्या इंग्रजी लिपीत, सलग. युजरनेम-पासवर्ड रिकामे. रिसीव्हर डायल क्रमांक मागत असेल तर तारा, नव्व्याण्णव, हॅश ही जुनी रीत बहुधा आधीच भरलेली असते, तिला हात लावू नका.

जोडणी झाल्याची खूण म्हणजे मॉडेमला आयपी पत्ता मिळणं. तो १० ने किंवा १०० ने सुरू होणारा दिसला तर घाबरू नका. मोबाईल कंपन्या हजारो ग्राहकांना एका बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात आणि आपल्याला आतला पत्ता देतात. आपण बाहेर फोन लावणारे, आपल्याला कुणी फोन लावणार नाही, त्यामुळे रोव्हरला त्याने फरक पडत नाही. बेसला पडतो, ते पुढे येईल.

आयपीचा प्रकार निवडायचा असेल तर आयपीव्ही४ किंवा दोन्ही असं ठेवा. काही कॅस्टर फक्त आयपीव्ही४ वर असतात आणि जुन्या फर्मवेअरला आयपीव्ही६ कळत नाही. पत्ता मिळाला पण कॅस्टरचं नाव सापडत नाही, असं झालं तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकड्यांतला पत्ता शोधायची सोय, बिघडलंय. कॅस्टरचा आकड्यांतला पत्ता टाकून बघा. त्याने लागलं तर दोष कुठे होता ते कळलं.

कॅस्टरशी बोलणं

करेक्शन नेटवरून पाठवण्याच्या पद्धतीला एन्ट्रिप म्हणतात. ती जर्मनीच्या नकाशा आणि भूमापन संस्थेत, फ्रँकफर्टला तयार झाली आणि २००४ मध्ये प्रमाण म्हणून आली. आतून ती वेबसाइट उघडण्यासारखीच आहे: रोव्हर 'मला अमुक माउंटपॉइंट द्या' म्हणतो आणि कॅस्टर 'घ्या' किंवा 'नाही' म्हणतो. फरक एवढाच की पान एकदा येऊन थांबत नाही, डेटा येतच राहतो.

पत्ता भरताना पुढे एचटीटीपी वगैरे लावू नका, नुसतं नाव किंवा आकडे. पोर्ट बहुतेक ठिकाणी २१०१. तोच एन्ट्रिपसाठी नोंदलेला क्रमांक आहे, पण तुमच्या सेवेने दुसरा दिला असेल तर तो. कॉलेजच्या किंवा सरकारी कार्यालयाच्या वाय-फायवर २१०१ अडवलेला असू शकतो. तिथे चाचणी फसली म्हणून खात्याला दोष देऊ नका, मोबाईल नेटवर पुन्हा बघा.

युजरनेम-पासवर्ड हाताने टाइप करा. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलं की शेवटी एक मोकळी जागा चिकटून येते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण कॅस्टरला दिसते. या एका जागेपायी मी राजापूरजवळ सकाळचे दोन तास घालवलेत आणि बरोबरच्या मुलाला उगीच बोललोय. दुसरं, हा पासवर्ड साध्या एन्ट्रिपमध्ये कुलूपबंद जात नाही, नुसता वेगळ्या अक्षरांत लिहून जातो. बँकेचा पासवर्ड इथे वापरू नका.

मग 'सोर्स टेबल मिळवा' हे बटण दाबा. यादी आली याचा अर्थ नेट, पत्ता आणि पोर्ट, तिन्ही ठीक. यादीला बहुधा लॉगिन लागत नाही, त्यामुळे यादी आली म्हणजे पासवर्ड बरोबर, असं मात्र समजू नका. यादीतली प्रत्येक ओळ एका माउंटपॉइंटची: नाव, डेटाचा प्रकार, कोणते उपग्रह, अक्षांश-रेखांश, आणि पुढे दोन छोटे आकडे, जे कुणी वाचत नाही. एक सांगतो की या माउंटपॉइंटला तुमचं स्थान पाठवावं लागतं का. शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे हो. दुसरा सांगतो की डेटा एका बेसचा आहे की जाळ्याचा. शून्य म्हणजे एका बेसचा, एक म्हणजे जाळ्याचा. वीस सेकंदांत वाचून होणारे हे दोन आकडे निम्मे प्रश्न आधीच सोडवतात.

नाव टाइप करण्यापेक्षा यादीतून निवडा. लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. नाव चुकलं तर कित्येक कॅस्टर चूक न सांगता पुन्हा सोर्स टेबलच पाठवतात. पडद्यावर 'जोडलं' येतं, काही बाइट येतात आणि थांबतात.

एन्ट्रिपच्या आवृत्त्या दोन आहेत, पहिली आणि दुसरी. लॉगिन होतंय पण डेटा वाचता येत नाही, असं असेल तर आवृत्ती बदलून बघा.

जीजीए: आमचं देवगडला कुठे अडलं

ही पायरी सर्वांत जास्त फसवते, म्हणून इथे जरा थांबू.

नेटवर्क करेक्शनमध्ये कॅस्टरला कळावं लागतं की तुम्ही कुठे उभे आहात. रोव्हर ते जीजीए नावाच्या एका ओळीत कळवतो. तिच्यात वेळ, अक्षांश, रेखांश, दर्जाचा आकडा, उपग्रहांची संख्या, उंची आणि करेक्शनचं वय, म्हणजे ते किती सेकंदांपूर्वीचं आहे ते, असतं. कॅस्टर त्यावरून तुमच्या जवळच एक काल्पनिक बेस उभा केल्यासारखा डेटा तयार करतो. त्याला व्हीआरएस म्हणतात. जीजीए मिळेपर्यंत कॅस्टर गप्प बसतो. लॉगिन झालेलं, 'ठीक' असं उत्तर आलेलं आणि बाइट शून्य, असं चित्र दिसलं की पहिला संशय जीजीएवर. सेटिंगमध्ये 'जीजीए पाठवा' चालू करा, पाच ते दहा सेकंदांनी एकदा.

इथे एक गाठ आहे. जीजीए पाठवायला रोव्हरला आधी स्वतःचं ढोबळ स्थान मिळालेलं हवं. म्हणून गाडीत बसून किंवा पडवीत पत्र्याखाली जोडणी करू नका. आधी मोकळ्या आभाळाखाली उभं राहा, चार-पाच उपग्रह लागू द्या, मग कॅस्टरला हात घाला.

आता देवगडची गोष्ट. बाइट येत होते, सेकंदाला व्यवस्थित. करेक्शनचं वय एक-दोन सेकंद. आणि तरी फ्लोट, फ्लोट, फ्लोट, म्हणजे फिक्सच्या आधीचं अर्धवट स्थान. मी अँटेना बदलून पाहिली, रिसीव्हर बंद-चालू केला, दुसरं सिम घातलं. शेवटी वैतागून जीजीएचं पान उघडलं, तर तिथे 'रिसीव्हरचं स्थान' ऐवजी 'हाताने भरलेलं स्थान' निवडलेलं. आधीच्या आठवड्यात चिपळूणला ऑफिसात, छताखाली चाचणी करताना मीच अक्षांश-रेखांश भरून ठेवले होते. म्हणजे कॅस्टर बिचारा सव्वाशे किलोमीटरवर चिपळूणला बेस उभा करून डेटा पाठवत होता आणि आम्ही देवगडला गवतात उभे. स्थान 'रिसीव्हरकडून' केलं आणि दहा सेकंदांत फिक्स.

तेव्हापासून नव्या कामाच्या जागी गेलो की प्रोफाइल उघडून ही एक ओळ आधी बघतो. त्याच कारणाने, एका गावातून निघून दहा-पंधरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात गेलात तर जोडणी तोडून पुन्हा लावा, म्हणजे काल्पनिक बेस नव्या जागी येईल. काही कॅस्टर तो आपणहून हलवतात, सगळे नाही.

बाइट येतायत, तरी फिक्स नाही

डेटाचा प्रकार बघा. आज सर्रास चालतो तो आरटीसीएम ३. त्याचे संदेश क्रमांकाने ओळखले जातात. १००५ किंवा १००६ मध्ये बेसचं स्थान येतं. ते आलं नाही तर बाकी सगळं असूनही रोव्हरला हिशेब जमत नाही. जुन्या ढंगाचे १००४ आणि १०१२ हे अनुक्रमे जीपीएस आणि ग्लोनासचे. नवे एमएसएम संदेश: १०७४ जीपीएस, १०८४ ग्लोनास, १०९४ गॅलिलिओ, ११२४ बायदू. शेवटी ४ ऐवजी ७ असेल, म्हणजे १०७७ वगैरे, तर तोच माल अधिक बारकाव्याचा आणि अधिक बाइटांचा. जुन्या रिसीव्हरला एमएसएम कळत नाही. त्याला जुन्या संदेशांचा माउंटपॉइंट द्या, चार उपग्रह कमी मिळतील पण काम होईल. उलट, नवा रिसीव्हर जुन्या माउंटपॉइंटला जोडलात तर आकाशात अठ्ठावीस उपग्रह दिसतील आणि हिशेबात तेरा-चौदाच लागतील. माडांखाली हा फरक जाणवतो.

मग पडद्यावरचा दर्जाचा आकडा. १ म्हणजे एकटा रिसीव्हर, ५ म्हणजे फ्लोट, ४ म्हणजे फिक्स. मधला २ फसवा आहे. २ म्हणजे डिफरन्शियल, आणि तो तुमच्या कॅस्टरमुळेच आला असेल असं नाही. आपल्या डोक्यावर गगनचे उपग्रह आहेत, विमानांच्या सोयीसाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभी केलेली व्यवस्था. रिसीव्हर त्यांची दुरुस्ती आपोआप घेतो आणि २ दाखवतो. नवखा माणूस म्हणतो, 'काहीतरी करेक्शन येतंय.' येतंय, पण मीटरभराचं, आणि कॅस्टरची जोडणी कदाचित पूर्ण मेलेली आहे. करेक्शनचं वय आणि बाइटांचा आकडा बघितल्याशिवाय २ वर विश्वास नको.

वय एक-दोन सेकंद असेल तर उत्तम, पाचपर्यंत चालेल. दहाच्या पुढे जाऊन परत खाली येत असेल तर नेट तुटतंय-जोडतंय. ते सिमचं दुखणं, रिसीव्हरचं नाही. जुनं करेक्शन किती सेकंद वापरायचं याची मर्यादा सेटिंगमध्ये असते. ती तीसेक सेकंदांच्या पुढे ताणून काम दामटू नका.

काही उत्तरं ओळखून ठेवा. ४०१ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चूक, किंवा त्याच खात्यावर दुसरं कुणी बसलंय. बऱ्याच सेवा एका खात्याला एकच जोडणी देतात. रेंज गेल्यामुळे तुमची जुनी जोडणी तिकडे लटकत राहिली असेल तर तुमचंच भूत तुम्हाला अडवतं. पाच मिनिटं थांबा, चहा घ्या, मग लावा. सारखं सारखं बटण दाबू नका, काही कॅस्टर अशा पत्त्याला काही काळ बाहेरच काढतात. ४०४ म्हणजे माउंटपॉइंट नाही. नुसताच वेळ संपल्याचा संदेश म्हणजे पत्ता, पोर्ट किंवा नेट.

रोव्हर दोषी की नेट, हे ठरवायला फोनवर एक एन्ट्रिप क्लायंट ॲप ठेवा. एसडब्ल्यू मॅप्ससारख्या ॲपमध्येही ही सोय आहे. लॅपटॉप असेल तर आरटीकेलिब या मोफत संचातला स्ट्रीम सर्व्हर. तीच माहिती भरून फोनवर बाइट आले तर दोष रिसीव्हरच्या सेटिंगचा. तिथेही नाही आले तर कॅस्टर, खातं किंवा रेंज.

रेंजच नाही तिथे

खाडीकाठची गावं, घाटाच्या पायथ्याच्या वाड्या, व्हाळाच्या खोलगटीतल्या पोफळी. इथे सेटिंग कितीही बरोबर असलं तरी डेटा येणार नाही. आदल्या दिवशी दोन कंपन्यांची सिमं घेऊन जागेवर फेरी मारा. कुठल्या कोपऱ्यात कुठलं चालतं हे नकाशावर लिहा. गावातल्या पोरांना विचारलं तर ते नेमका दगड दाखवतात, ज्यावर उभं राहून ते व्हिडिओ कॉल करतात.

कंट्रोलर ब्लूटूथवर असेल तर तो फार लांब नेता येत नाही. पण हॉटस्पॉट देणारा दुसरा फोन उंच काठीला बांधून गडग्यावर उभा करता येतो, आणि ती दोन-अडीच मीटरची उंची पुष्कळ वेळा पुरते.

तेही नाही जमलं तर स्वतःचा बेस. वरच्या सड्यावर, जिथे आकाश आणि रेंज दोन्ही आहे, बेस ठेवायचा आणि खाली रोव्हरला यूएचएफ रेडिओने करेक्शन द्यायचं. रेडिओला परवाना लागतो, तो विषय आधी मिटवा. रेडिओच्या लहरी टेकडीआड वळत नाहीत, त्यामुळे सड्याच्या कडेला, बागेकडे नजर पडेल अशी जागा निवडा.

ज्यांचं काम एकाच तालुक्यात वर्षभर चालतं, त्यांनी घराच्या स्लॅबवर कायमचा बेस बसवून फायबरने चालवायचा विचार करावा. इथे तो आतल्या आयपीचा मुद्दा येतो. घरच्या राउटरवर बेसला १९२.१६८ ने सुरू होणारा स्थिर पत्ता द्या, गेटवे आणि डीएनएस भरा. पण रोव्हरने बाहेरून थेट या बेसला गाठायचं म्हटलं तर पोर्ट उघडावा लागतो, आणि कंपनीने तुम्हालाही आतल्या पत्त्यावर बसवलं असेल तर राउटरवर पोर्ट उघडून काही होत नाही. म्हणून उलटा मार्ग घ्या. बेसला 'एन्ट्रिप सर्व्हर' करा, म्हणजे तो स्वतःच बाहेर जाऊन एखाद्या कॅस्टरवर डेटा टाकेल, आणि रोव्हर तिथून घेईल. आरटीके टू गो हा असा एक मोफत सार्वजनिक कॅस्टर आहे. राउटरला आणि बेसला इन्व्हर्टर लावा, कारण वळवाच्या पहिल्याच पावसात आपल्याकडची वीज कुठे जाते ते सांगायला नको.

आणि काहीही असो, रॉ डेटाची, म्हणजे उपग्रहांच्या कच्च्या मापांची, नोंद चालू ठेवा. नेट पूर्ण गेलं तरी जवळच्या स्टेशनच्या डेटाशी जुळवून घरी हिशेब करता येतो.

फिक्स लागला, पुढे

४ दिसला म्हणजे बिंदू बरोबर, असं नाही. माडाच्या ओल्या झावळ्या, पत्र्याची छपरं, खाडीचं पाणी यांवरून परावर्तित झालेल्या संदेशांवर रिसीव्हर चुकीचा फिक्सही पकडतो आणि आत्मविश्वासाने धरून बसतो. पोल उलटा करून किंवा अँटेना झाकून फिक्स तोडा, पुन्हा लागू द्या आणि तोच बिंदू मोजा. महत्त्वाचे बिंदू अर्ध्या-पाऊण तासाने परत मोजा, तेव्हा उपग्रहांची मांडणी बदललेली असते. दोन मापं दोन-तीन सेंटिमीटरमध्ये जुळली तर ठेवा.

वेळेचंही बघा. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जातं, त्यामुळे आपल्यावरचं आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, युरोपपेक्षा कितीतरी खट्याळ आहे. दुपारी ते चढतं आणि सूर्यास्तानंतर काही तास थरथरतं, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. संध्याकाळी सातला अचानक फिक्स सुटायला लागला तर सेटिंग उकरू नका, सकाळी या.

शेवटी निर्देशांकांची पद्धत. कोकण यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतं. ४४ निवडलं गेलं तर आकडे दिसायला ठीक दिसतात आणि नकाशा भलतीकडे जातो. कॅस्टरची निर्देशांक-चौकट आणि तिचं संदर्भवर्षही लिहून ठेवा. भारताची भूपट्टी वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते, तेव्हा दहा वर्षांपूर्वीच्या जागतिक चौकटीतले आकडे आज तसेच जुळणार नाहीत.

उंची बघून मात्र दचकू नका. मालवणच्या किंवा मुरुडच्या वाळूत उभे असताना रिसीव्हर उंची उणे साठच्याही खाली दाखवतो. पाण्याखाली गेलेला नाही तो. उपग्रहांची उंची एका गणिती लंबगोलापासून मोजली जाते आणि आपल्याकडे समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. रिसीव्हरमध्ये जिऑइड, म्हणजे समुद्रसपाटीचं, मॉडेल भरा, मग वाळू शून्याच्या आसपास येते. मोजणीच्या आधी भरतीची रेषा सापडली तर तिच्यावर पोल टेकवून बघा. मी अजूनही तसं करतो, आणि आकडा पाच-सहा मीटरच्या वर दिसला की मॉडेलचं पान पुन्हा उघडतो.